बापूला विचारलंत का?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, सासर शेजारच्याच तालुक्यात. आम्ही तीन भावंडं. मोठा दादा, मधली मी आणि धाकटा बापू. बापू ३६ वर्षांचा आहे. आयटीआय झालेला, लेथवर चांगला हात बसलेला. नऊ वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. गोळ्या चालू असल्या की कामाला जातो, आईचं दुखलंखुपलं बघतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने गोळ्या सोडल्या. रात्र रात्र जागायचा, शेजारी करणी करतायत म्हणून भांडायचा. एकदा दगड घेऊन शेजाऱ्याच्या अंगावर धावला. मग दादाने गावातल्या चौघांना घेऊन त्याला गाडीत घातलं आणि शहरातल्या एका खासगी मनोरुग्णालयात भरती केलं. त्याला आज ४७ दिवस झाले.

मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भेटूच दिलं नाही. दुसऱ्यांदा दहा मिनिटं भेटले. बापू शांत होता. माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. निघताना काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात वेळ संपली म्हणून त्याला आत नेलं. ज्यांनी भरती केलं त्यांची सही आल्याशिवाय सोडता येत नाही, असं ऑफिसमध्ये सांगितलं. फोनही देत नाहीत.

दादा म्हणतो, किती वर्षं निस्तरायचं, एक आश्रम आहे, पैसे भरले की कायमचं ठेवून घेतात. वडील गेल्यावर सातबाऱ्याला आईचं आणि आम्हा तिघांचं नाव लागलं. आता दादाने माझं आणि बापूचं हक्कसोडपत्र टाइप करून आणलंय. वेड्याला जमीन काय करायची, म्हणतो. मी अजून सही केलेली नाही. मेडिक्लेमही नाकारला, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही म्हणून.

दादा वाईट नाही हो. नऊ वर्षं औषधपाणी त्यानेच केलं. त्याला कोर्टात खेचायचं माझ्या मनात नाही. पण मी नुसती बहीण, तीही लग्न होऊन गेलेली. मला काही अधिकार आहे का? आणि बापूच्या शब्दाला कायद्यात काही किंमत उरली आहे का?

— एक बहीण

*

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. दादा काय म्हणतो ते त्यात आहे, ऑफिसातला माणूस काय म्हणाला ते आहे, विमा कंपनी काय म्हणते तेही आहे. बापू काय म्हणतो, तेवढं नाही. निघताना तो काहीतरी बोलणार होता आणि ते राहून गेलं. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची सुरुवात तिथूनच करायला हवी.

हा तुम्हाला दोष नाही. आपल्याकडे कायद्यानेसुद्धा शंभरावर वर्षं या माणसांना विचारलं नाही. १९१२चा इंग्रजांचा कायदा त्यांना सरळ वेडे म्हणायचा आणि त्यांना कुठे कोंडायचं एवढंच बघायचा. तो थेट १९९३पर्यंत चालला. १९८७ साली नवा कायदा झाला, पण लागू व्हायला सहा वर्षं लागली. त्यातही नातेवाइकाचा अर्ज आणि डॉक्टरांचे दोन दाखले एवढ्यावर माणूस नव्वद दिवस आत राहू शकत होता. ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला न्यायची वेळ आली’ असं आपण सहज बोलून जातो, त्यामागे हाच इतिहास आहे.

माझे मामा त्या जुन्या कायद्याखाली आत गेले. कुठल्या रुग्णालयात, ते नको सांगायला. मी सातवीत होते. आजीबरोबर भेटायला गेले, तर डोक्याचा गोटा केलेला आणि अंगात जाड सुताचा सदरा. सदऱ्याच्या खिशावर काळ्या शाईत नंबर. आजीने डब्यातून रव्याचे लाडू काढले. मामांनी लाडूकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, “माझा निळा शर्ट कुठाय गं?” पुढच्या खेपेलाही तेच विचारलं. दोन-अडीच वर्षांत ते बरे झाले होते, तिथले डॉक्टरच तसं सांगायचे. पण घरी नेण्याच्या कागदावर सही करणारी एकटी आजी होती आणि ती गेली. त्यानंतर मामा अकरा वर्षं तिथेच राहिले, बरे होऊन. त्या अकरा वर्षांत आमच्या घरातल्या कुणीही, माझ्यासकट, त्यांना ‘तुम्हाला कुठे राहायचंय’ असं विचारलं नाही. मी वकिलीकडे का वळले, हे कुणी विचारलं की मला तो नंबर आठवतो.

आता तुमच्या बापूचं. आज लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २९ मे २०१८पासून तो अमलात आला. तो सहजासहजी झाला नाही. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडी गावी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाच्या झोपडीवजा शेडला पहाटे आग लागली आणि २८ माणसं गेली. त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवलेलं होतं, म्हणून पळता आलं नाही. पुढे १ ऑक्टोबर २००७ला भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं आणि जुना कायदा त्या करारात बसेना. नव्या कायद्यामागे तेव्हाचे केंद्रीय आरोग्य सचिव केशव देसिराजू यांनी जोर लावला. मसुद्याचं बरंचसं काम पुण्यात, आयएलएस विधी महाविद्यालयातल्या डॉ. सौमित्र पथारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. म्हणजे जो कायदा आज बापूच्या बाजूने उभा आहे, तो तुमच्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर लिहिला गेला.

या कायद्यात एक गोष्ट मुळापासून बदलली. आजार आहे म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही, असं आता धरून चालता येत नाही. उपचाराबद्दल सांगितलेलं त्याला कळतं का, त्या निर्णयाचे परिणाम लक्षात येतात का आणि आपलं म्हणणं तो बोलून, खुणेने किंवा कसंही सांगू शकतो का, एवढंच बघायचं. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून ‘त्याला कळत नाही’ असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

मग दादाने ४७ दिवसांपूर्वी केलं ते चूक होतं का? माझ्या मते भरती करणं चूक नव्हतं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, आणि त्या घडीला त्याला निर्णय घेणं जमत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला भरती करता येतं. रुग्णाने कुणाला नेमलेलं नसेल तर नातेवाईक प्रतिनिधी धरला जातो. दगड घेऊन धावणं यात बसतं. मात्र त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी वेगवेगळं तपासून तसं लिहिलेलं असावं लागतं. आणि अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

पुढचं नीट वाचा. रुग्णालयाने ही भरती सात दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायची असते. दर सात दिवसांनी रुग्णाला निर्णय घेता येतो का हे पुन्हा तपासायचं असतं. घेता येऊ लागला की तो स्वतःच्या मर्जीने राहणारा रुग्ण होतो आणि घरी जातो म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. डॉक्टरांना गंभीर शंका असेल तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी पुन्हा तपासायला हवं आणि मंडळाची परवानगी हवी. ‘ज्यांनी भरती केलं त्यांची सही’ असली अट या कायद्यात कुठेही नाही. तो जुन्या काळचा रिवाज आहे. काउंटरवरच्या माणसालाही बहुधा नवं काही कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे ३१व्या दिवसापासून बापू तिथे कोणत्या कागदावर आहे, हा पहिला प्रश्न. मंडळाची परवानगी असेल किंवा ती मागून निर्णय यायचा असेल, नाहीतर बापूने स्वतःच राहतो म्हणून सांगितलं असेल. यातलं काहीच नसेल तर त्याला तिथे ठेवता येत नाही. आवाज न चढवता, लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तुम्ही विचारलंत, मी नुसती बहीण, मला अधिकार आहे का. खरं सांगते, नुसती बहीण म्हणून फारसा नाही. मंडळाकडे जायचा हक्क आधी बापूचा, मग त्याच्या प्रतिनिधीचा, किंवा बापूच्या संमतीने एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा. तुमचं लग्न होऊन गेलंय की नाही, याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही. पण तुमचा अधिकार बापूकडून यावा लागतो. आणि तो द्यायला बापूला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. साधा कोरा कागद पुरतो. त्यावर त्याने लिहायचं की माझा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून मी माझ्या बहिणीला नेमतो. खाली त्याची सही किंवा अंगठा. तुम्ही त्याखाली लिहायचं की मला हे मान्य आहे. हा कागद झाला की दादाची जागा तुमच्याकडे येते. त्यानंतर तुमची भेट किंवा तुमचा फोन रुग्णालयाला अडवता येत नाही. तसंही आपल्या माणसांना भेटायचा आणि वाजवी वेळी फोन करायचा हक्क बापूला आहेच, पण तिथे रुग्णालयाचे नियम मध्ये येऊ शकतात. प्रतिनिधीच्या, वकिलाच्या किंवा मंडळाच्या आड ते येत नाहीत.

हे करताना एक पथ्य पाळा. कागद स्वतः लिहून नेऊन ‘बापू, इथं सही कर’ म्हणू नका. दादानेही हक्कसोडपत्र टाइप करूनच आणलं होतं ना? बापूला आधी सांगा की प्रतिनिधी म्हणजे काय, तो कशाकशात बोलतो. मग विचारा, तुला कोण हवंय? तो तुमचं नाव घेईल असं मला वाटतं. पण उद्या तो म्हणाला, दादाच असू दे, तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. लेथवरचा जुना मित्र म्हणाला, तर तोही चालतो. नातेवाईकच असावा असं नाही. आणि पुढे कधी त्याचं मन बदललं तर तो नाव बदलू शकतो.

मंडळावर कोण असतं, याची भीती वाटू देऊ नका. अध्यक्ष आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. आणि दोन माणसं अशी, ज्यांनी हा आजार स्वतः सोसला आहे, किंवा जे घरी अशा माणसाची काळजी घेतात, किंवा या क्षेत्रातल्या संस्थेचे आहेत. शेवटच्या या दोन जागांसाठी कायदा करताना माणसांनी जीव तोडून आग्रह धरला होता. अर्जाला फी नाही. पहिल्या तीस दिवसांच्या भरतीविरुद्धच्या अर्जावर मंडळाने सात दिवसांत आणि तीस दिवसांपुढच्या भरतीविरुद्धच्या अर्जावर एकवीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तुमचा जिल्हा कोणत्या मंडळाखाली येतो, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कळेल. अर्ज लिहायला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बापूसाठी वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तरी वाट दाखवतात.

हे कोर्टात खेचणं नाही, ताई. मंडळापुढे दादा आरोपी नसतो. बापूला आता तिथे ठेवायची गरज आहे का आणि त्याला स्वतःला काय हवंय, एवढंच विचारलं जातं.

आश्रमाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पैसे भरले की कायमचं ठेवून घेतो, असं जिथे सांगतात, तिथे बापूला जाऊ देऊ नका. मानसिक आजार असलेल्या माणसांना भरती करून किंवा उपचार-पुनर्वसनासाठी ठेवून घेणाऱ्या आरोग्य संस्थेला या कायद्याखाली नोंदणी लागते, मग ती आयुर्वेदाच्या नावाने चालो की योगाच्या. ‘नोंदणी दाखवा’ एवढं विचारलं की पुष्कळ ठिकाणचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. साखळीने बांधणं, एकांतात कोंडणं, डोकं भादरणं, बळजबरीने गणवेश घालणं किंवा कामाला जुंपणं, या सगळ्याला कायद्यात बंदी आहे. आणि कलम १९ तर जणू माझ्या मामांसाठी लिहिलंय: घरच्यांनी स्वीकारलं नाही, घरच नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणावर माणसाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. वडिलोपार्जित घरात राहायचा त्याचा हक्क बजावायला सरकारने मदत करायची, असंही त्यात आहे. तेव्हा बापूचं घर हे दादाच्या मेहेरबानीवर नाही. चांगल्या संस्था आहेतच. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोचवते. त्या कामाला २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती संस्था माणूस घरी नेऊन पोचवते म्हणून नावाजली गेली, हे दादाला जरूर सांगा.

आता जमीन. दादा एकाच वेळी दोन गोष्टी म्हणतोय, त्या तुमच्या लक्षात आल्या का? बापू वेडा आहे, त्याला जमीन काय करायची, असंही म्हणतो आणि त्याच बापूची सही हक्कसोडपत्रावर मागतो. त्याला व्यवहार कळत नसेल तर त्या सहीने हक्क सुटत नाही. कळत असेल, तर जमीन सोडायची की ठेवायची हे तोच ठरवणार. दोन्हीकडून ते हक्कसोडपत्र लंगडंच आहे.

कायदा याबाबत फार स्पष्ट आहे. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं. २०१७च्या कायद्याच्या तिसऱ्याच कलमात हे लिहिलंय. हिंदू वारसा कायदा १९५६, त्याचं कलम २८ सांगतं की कोणताही आजार किंवा व्यंग असलं म्हणून वारसा हक्क जात नाही. आणि १८७२चा जुना करार कायदासुद्धा म्हणतो की अधूनमधून ज्याचं चित्त ठिकाणावर नसतं, तो ठिकाणावर असताना करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी जे कळत होतं, ते आपण घरात अजून मान्य करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नुसत्या टाइप केलेल्या कागदाला काही अर्थ नाही. बापू भरती असताना त्याच्याकडून कसलीही सही घेतली जाऊ नये, असं रुग्णालयाला लिहून द्या. आणि कुठून फेरफार पडलाच तर नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत नोंदवा. तुमच्या स्वतःच्या सहीचं म्हणाल, तर ती तुमचीच बाब आहे. माहेर तुटेल या धाकाने मात्र करू नका. किती बहिणींनी साडीचोळीवर हक्क सोडले आणि मग भावावर पाळी आली तेव्हा त्याला ठेवायला यांच्याकडे हक्काची वीतभर जागा नव्हती.

इथे कायद्यातली एक मोठी फट सांगून ठेवते. १९८७च्या कायद्यात आजारी माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती. नव्या कायद्यात ती नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारापुरता असतो. तुम्ही प्रतिनिधी झालात म्हणून बापूचं बँकेचं खातं तुम्हाला चालवता येणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे, म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, ठरावीक कामापुरता आणि ठरावीक काळापुरता. कल्पना चांगली आहे, पण बँकेत गेलं की शाखाधिकारी अजून ‘कोर्टाचा गार्डियनशिपचा कागद आणा’ म्हणतो आणि घरचे हताश होऊन उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. कायदा सुधारायचा असेल तर आधी इथे सुधारायला हवा. पालकत्वाची जुनी घाऊक पद्धत परत आणावी, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या वाटेने किती जमिनी गेल्या, ते जिल्हा न्यायालयात बसून मी पाहिलंय. माणसाला निर्णय घ्यायला सोबत कशी द्यायची, ते बँकेला आणि निबंधकाला समजेल अशा भाषेत लिहून द्या, एवढंच आमचं मागणं आहे.

मेडिक्लेमचं काम त्यामानाने सोपं आहे. शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर विमा, त्याच तत्त्वावर मानसिक आजाराला, असं कलम २१ सांगतं. विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८ला सगळ्या कंपन्यांना तसं कळवलं. दिल्ली उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२१मध्ये एका सरकारी विमा कंपनीविरुद्ध तसाच निकाल दिला. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला या कलमाचा उल्लेख करून लिहा. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. वर्षाच्या आत जायचं, तिथेही खर्च नाही.

आणि दादा. दादा वाईट नाही, हे तुम्ही लिहिलंत आणि माझा त्यावर विश्वास आहे. नऊ वर्षं एकट्याने ओढलं की माणूस आश्रमाचे पत्ते शोधू लागतो. माझे मोठे मामाही वाईट नव्हते. त्यांना पाच मुलं होती आणि दोन खोल्या होत्या. दादाशी बोलताना कायद्याने सुरुवात करू नका. खर्चाने करा. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हव्यात. साठा संपतो हे मला माहीत आहे, तरी चिठ्ठी घेऊन जात राहा आणि नाही मिळाल्या तर तसं लिहून मागा. बापूचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. रात्री-बेरात्री प्रसंग आला तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन लागतो आणि मराठीतून बोलतात. महिन्यातून एक आठवडा बापू आणि आई तुमच्याकडे येऊ शकतील का, हे तुमच्या घरी विचारून बघा. दादाला आठ दिवस सुट्टी मिळाली तर हक्कसोडपत्र कपाटात जाईल, अशी मला आशा आहे.

बापू घरी आला आणि दोन-तीन महिने नीट गेले की त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसा. त्याने गोळ्या का सोडल्या, ते विचारा. पुष्कळांना सुस्ती येते, हात थरथरतो, आणि लेथवर हात थरथरला तर काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? डॉक्टरांना ते सांगितलं तर गोळी बदलता येते, डोस बदलता येतो. दिवाळीत त्याला हे कुणी विचारलं असतं तर कदाचित दगडापर्यंत वेळ आली नसती. मग त्याला सांगा की पुढच्या वेळी काय करायचं ते तू आत्ताच लिहून ठेवू शकतोस. याला आगाऊ निर्देश म्हणतात. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे माणसाने बरा असताना लिहायचं आणि मंडळाकडे नोंदवायचं. आणीबाणीच्या उपचारात तो लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांना तो पाळावा लागतो आणि पटत नसेल तर मंडळाकडे जावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी उपचारांचं सगळं लिहून झाल्यावर खाली, निर्देशात बसो न बसो, आणखी एक ओळ लिहिली होती: ‘मला न्यायला आलात तर शेजाऱ्यांना बोलावू नका, माझ्या वहिनीला पाठवा, मी तिच्याबरोबर येते.’ बापूला गावातल्या चौघांनी धरून गाडीत घातलं, त्याबद्दल त्यालाही काही सांगायचं असेल.

रविवारी भेटीची वेळ असते म्हणून रविवारीच जा. एक कोरा कागद आणि चालणारं पेन जवळ ठेवा, पण ते लगेच बाहेर काढू नका. आधी तो मागच्या वेळी काय बोलणार होता, ते ऐका. आणि घरून निघताना त्याचे दोन शर्ट घ्या, त्याला आवडणारे, इस्त्री केलेले. आपले स्वतःचे कपडे घालायचा हक्क आता त्याला कायद्याने आहे.

तुमची,
ताई